माजघरात बसून शिकलेली वकिली

१९५७ साली, राखीच्या तिसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, आर्वीच्या एका वकिलाच्या घरी दोन बायकांवर अन्याय झाला. एक हिंगणीला दिलेली. तिचं माहेर आर्वीजवळच्या खेड्यात, भाजीपाला पिकवणारं. बापाच्या वाडीतला, म्हणजे भाजीच्या मळ्यातला, वाटा तिच्याकडून तिला न सांगता काढून घेण्याचा कागद त्या सकाळी तयार होता. दुसरी मी. माझा वर्षभराच्या उमेदवारीचा दाखला त्याच दिवशी अडवला गेला. त्या दाखल्यावाचून सनद नाही, आणि सनदेवाचून कोर्टात उभं राहता येत नाही.

वकील कसं होतात हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. नागपूरला लॉ कॉलेजात पुस्तकं वाचायची, परीक्षा द्यायची. ते मी केलं. पण पुस्तकात अशील नसतो. अशील खोटं कसं बोलतो, खरं बोलताना कुठं अडखळतो, मूळ गोष्ट सोडून शेजाऱ्याच्या बैलाबद्दल अर्धा तास का बोलतो, हे कळायला कुणा जुन्या वकिलाच्या बैठकीत वर्षभर बसावं लागतं. त्याच्या शेजारी बसायचं, ऐकायचं, दावे-जबाब उतरवायचे, त्याच्या मागं कोर्टात जायचं. वर्ष झालं की तो लिहून देतो, अमुक उमेदवार माझ्या हाताखाली तयार झाला. एवढी एक सही.

माझे वडील आर्वीत शाळामास्तर. वकीलसाहेब त्यांच्या ओळखीचे. बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेले, साधे, खादी घालणारे, गरिबाचं काम फुकट करणारे. असा माणूस, म्हणून वडिलांनी विश्वासानं मला त्यांच्याकडे नेलं. वकीलसाहेब म्हणाले, "मास्तर, निश्चिंत राहा. माझ्या मुलीसारखी ठेवीन."

आणि त्यांनी मला खरंच मुलीसारखी ठेवली. सगळा घोटाळा तिथंच झाला.

त्यांच्या घराची रचना अशी होती. रस्त्यालगत बैठकीची खोली. तिथं सतरंजी, तिच्यावर गादी, लोड, उतरतं लाकडी डेस्क, भिंतीला कायद्याच्या पुस्तकांची कपाटं. बैठकीच्या मागं माजघर, मधे दार आणि उंबरठा. पहिल्या दिवशी मी चपला काढून सतरंजीवर बसायला गेले, तर साहेब प्रेमानं म्हणाले, "बेटा, इथं खेड्यापाड्याची माणसं येतात, बिड्या ओढतात, शिव्या देतात. तू आत बस. काकू आहेत. तुझं काम तुला आत मिळेल."

मी आत गेले. मनात म्हटलं, आठवडाभराचा प्रश्न आहे, ओळख झाली की बाहेर घेतील.

माझ्याच बरोबर पास झालेला नागपूरचा एक मुलगा त्याच आठवड्यात त्यांच्याकडे उमेदवार म्हणून लागला. तो सतरंजीवर साहेबांच्या डाव्या हाताला. मी माजघरात, धान्याच्या कोठीजवळ, पाटावर. मुनशीजी, म्हणजे साहेबांचे जुने कारकून, उंबरठ्यावरून फायली सरकवायचे. मी दाव्याची नक्कल करायची आणि परत उंबरठ्यावर ठेवायची. दाव्यातला माणूस काळा की गोरा, मला पत्ता नाही.

मुनशीजी टिंगल करायचे. "काय बाई, कायदा शिजला का?"

"शिजला," मी म्हणायची. "वाढायला ताट बाहेर आणू का?"

"नको नको, आतच राहू द्या. बाहेर माश्या आहेत."

तो मुलगा स्वभावानं वाईट नव्हता. दुपारी हळूच यायचा आणि म्हणायचा, "तुले तर चहा गरम भेटते. आम्हाले बाहेर थंडा होऊनच येते."

"जागा बदलतोस?"

यावर तो हसून निघून जायचा.

मी तीनदा सांगून पाहिलं. पहिल्यांदा विनंती केली. साहेब म्हणाले, "बघू." दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, "तुझ्या वडिलांना मी शब्द दिलाय." तिसऱ्यांदा मीच जरा चढ्या आवाजात बोलले. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "बेटा, कॉलेजात तू पत्रकं वाटायचीस ना? ती सवय सोड. वकिलाला धीर पाहिजे." खरं आहे. कायदेमंडळात हिंदू बायकांच्या हक्कांचा वाद चालला होता तेव्हा आम्ही मुली सीताबर्डीवर पत्रकं वाटत होतो, आणि त्यातली बरीच माझ्या हातची होती. त्याची मला लाज नाही. मी मुकाट्यानं पाटावर जाऊन बसले, कारण सही त्यांची होती आणि मला ती हवी होती.

पण त्या माजघरात एक गोष्ट घडत होती, ती साहेबांच्या ध्यानात कधी आली नाही.

त्यांच्याकडे येणाऱ्या दाव्यांत पुष्कळशा बायका असत. नांदवत नाही म्हणून आलेली, दिरानं घराबाहेर काढलेली विधवा, वाटणीतली बहीण. त्या एकट्या येत नसत. बरोबर भाऊ, सासरा, चुलता, कुणीतरी असे. तो बैठकीत बसे आणि तिच्या वतीनं बोले. बाईला साहेब अदबीनं म्हणत, "माय, तुम्ही आत जा, चहा घ्या." दावा जिचा, ती आत. तिचा दावा बाहेर. सही किंवा अंगठा घ्यायची वेळ आली की मुनशीजी हाक मारीत, ती पदर सावरत उंबरठ्यावर येई, अंगठा उठवी आणि परत आत.

आणि आत मी होते.

पहिली बाई आली तेव्हा मी अंबाडीची भाजी निवडत होते. काकूंना मदत म्हणून. तिनं मला बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी साहेबाच्या कोन होय?"

"कोणी नाही. मी वकिली शिकून राह्यली."

"मंग इथं भाजी काऊन निवडून राह्यल्या?"

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले, पण त्या दिवसापासून मी भाजीला हात लावला नाही. त्या बाईला म्हटलं, सांगा, काय झालं ते. तिनं सांगितलं. बाहेर तिचा सासरा जे सांगत होता ते दाराच्या फटीतून ऐकू येत होतं. दोन्ही हकीकतींत नावं तेवढी सारखी होती.

मग मला कळलं की हीच माझी बैठक. बाहेरचा उमेदवार पुरुषांचं ऐकून वकिली शिकत होता, मी बायकांचं ऐकून. वर्षभर ऐकलं. कुठं थांबून विचारायचं, रडणारीला कधी बोलू द्यायचं आणि कधी तिच्या लेकराचं वय विचारून वळणावर आणायचं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. जे कळे ते मी नकलेबरोबर साध्या भाषेत लिहून उंबरठ्यावर ठेवी. साहेब ते वाचत. दोनदा त्यावरून त्यांनी दावा बदलला, एकदा तर कोर्टात जिंकलाही. मला काही म्हणाले नाहीत. त्या दिवशी घरी जिलबी आली, ती मलाही मिळाली.

आता ती सोमवारची सकाळ.

आदल्या वर्षी जूनमध्ये कायदा आला होता की बापाच्या मिळकतीत मुलीलाही वाटा. तो आल्यापासून आमच्याकडे एक नवं काम वाढलं होतं, हक्कसोडपत्र. बहिणीनं लिहून द्यायचं की मला वाटा नको. पद्धतही पडून गेली होती. राखीला बहीण माहेरी येते. राखी बांधून होते, गोडधोड होतं, साडी नेसवली जाते, आणि परत सासरी पोचवण्याआधी भाऊ तिला गाडीत घालून वकिलाकडे आणतो. त्या आठवड्यात मी अशा चार कागदांच्या नकला केल्या होत्या. "राजीखुशीने, कोणाच्या दबावाशिवाय, कायमचा हक्क सोडून देत आहे." सगळ्यांचा मजकूर एकच, फक्त गाव आणि बापाचं नाव बदलायचं.

ती हिंगणीची बाई आत आली ती नवी हिरवी साडी नेसून. मनगटाला मातीच्या कामाचा घट्टपणा. आल्याबरोबर तिनं काकूंना एक टोपली दिली, वांगी आणि हिरव्या मिरच्या. "आमच्या वाडीतले हायेत. बापाच्या हातची हीर हाय, पानी आटत नाई." बाप मागच्या हिवाळ्यात गेला होता. वाडी त्यानं स्वतः विकत घेतलेली, विहीर त्यानं स्वतः खणलेली. लग्न होईपर्यंत ही तिथं मोट हाकत होती, ते ती मोठ्या कौतुकानं सांगत होती. एकदा बैल भडकला आणि ती दोराला लटकली, त्याची खूण तळहातावर होती. ती दाखवली.

मी विचारलं, "आज कशासाठी आलात?"

"भावाले पंप बसवाचा हाय. सरकार कर्ज देते म्हनते. बहिनीचा अंगठा लागते त्याले."

मी त्या बाईचा कागद आदल्या दिवशीच उतरवला होता. त्यात पंप नव्हता. कर्ज नव्हतं. त्यात ती आपल्या बापाच्या वाडीवरचा आणि विहिरीवरचा हक्क कायमचा सोडून देत होती.

मी उंबरठ्याशी गेले आणि मुनशीजींना म्हटलं, "साहेबांना सांगा, हा कागद बाईला वाचून दाखवायला हवा. तिला वेगळंच सांगितलंय."

मुनशीजींनी मान हलवली. "बाई, भाऊ-बहिणीच्या मधात आपण नाही पडत. रजिस्ट्रार विचारतेच ना, कबूल का म्हणून. ती मान हलवते. झालं."

"ती पंपाला मान हलवेल."

"तुम्ही आत बसा."

मी आत बसले नाही. उंबरठा ओलांडून बैठकीत गेले आणि सतरंजीवर, त्या मुलाच्या शेजारी, मांडी घालून बसले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. भाऊ पांढरं धोतर, नवी टोपी घालून समोर बसला होता. डेस्कवर कागद होता. मी तो उचलला. त्या बाईला दाराशी बोलावलं आणि म्हटलं, "बाई, हे तुमचं आहे, ऐका." मग मोठ्यानं, तिच्या बोलीत वाचून दाखवलं. लिहून देणारी तू. लिहून घेणारा तुझा भाऊ. वाडी अमुक, हीर अमुक. आजपासून तिच्यावर तुझा काही हक्क नाई. पुढं मागशील तर मिळणार नाई. तुझ्या लेकरायलेही नाई.

ती दाराची चौकट धरून उभी होती. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "मंग पंप कुठं हाय यात?"

भावानं डोक्यावरची टोपी सारखी केली.

तिनं पुन्हा भावाला विचारलं, "अरे बापू, पंप कुठं हाय?"

भाऊ उसळला, पण माझ्यावर. "हे कोन बाई? वकील तुमी का हे?" मग बहिणीकडे वळून, "तुले साडी नेसवली, गाडीत घालून आनलं, अन् तू चार लोकाईत माही इज्जत काढून राह्यली? तुले वाडी पाह्यजे? घरी बसून नवऱ्याले सांग, जाय, भावाच्या उरावर बस."

"मले वाडी पाह्यजे असं मी कुठं म्हनलं? मले पंप कुठं हाय थे इचारलं."

"अंगठा दे अन् चाल."

ती हलली नाही. शाईचं पॅड मुनशीजींनी उघडलंच होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि हात पदराखाली घेतला. "मी राखी बांधाले आलती," ती म्हणाली. "तू पह्यलेच सांगतलं असतं तर मी इचार केला असता. आता नाई."

तेवढंच. रडली नाही, भांडली नाही. चहा राहिला होता तो आत जाऊन पूर्ण प्यायली, काकूंना नमस्कार केला, आणि त्याच भावाच्या त्याच गाडीत बसून गेली. दुसरी गाडी कुठली आणणार होती?

दुपारी कोर्टातून आल्यावर साहेबांनी मला बोलावलं. बैठकीतच. मुनशीजी आणि तो मुलगा होते.

"अशील कोण होता?" त्यांनी विचारलं.

"भाऊ."

"अशिलाचा कागद दुसऱ्या पक्षाला फोडून सांगणं याला आपल्या धंद्यात काय म्हणतात, शिकवलं ना कॉलेजात?"

मुद्दा खोटा नव्हता. मी म्हटलं, "दुसरा पक्ष होता तर त्याला तुम्ही आत चहा का पाजला? त्याला सांगायचं ना, तुझा वकील घेऊन ये म्हणून? ती तुमच्या भरवशावर अंगठा देणार होती."

"ते तिच्या भावानं पाहायचं."

"भावाविरुद्धचं भावानं पाहायचं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. हा माणूस दुष्ट नव्हता. त्यांनी त्या क्षणी माझ्यावर हात उगारला असता तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "त्या माणसाची जाऊन माफी माग. मग विसरून जाऊ."

"माफी नाही मागणार."

"मग दाखल्याचं अवघड आहे." त्यांनी डेस्कचं झाकण उघडलं, आम्हा दोघांचं वर्ष भरत आलं म्हणून तयार ठेवलेले दोन दाखले काढले. एकावर सही केली आणि त्या मुलाला दिला. दुसरा पुढ्यात ठेवून म्हणाले, "मी इथं लिहायचं की ही उमेदवार वर्षभर माझ्या बैठकीत बसून काम शिकली. मी खोटं लिहीत नाही. तू बैठकीत कधी बसलीस?"

"तुम्ही बसू दिलं नाही."

"तेच मी म्हणतोय."

तो मुलगा हातातल्या दाखल्याकडे पाहत होता. नंतर दाराबाहेर मला म्हणाला, "मी सांगू का साहेबाले, का तू माह्यापेक्षा जास्त काम केलं?" मी म्हटलं, सांग. त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी उपयोग झाला असता असं नाही, पण सांगायला हवं होतं.

काकूंनी मला न जेवता जाऊ दिलं नाही. निघताना माझ्या हातावर दही ठेवलं, परीक्षेला जाणाऱ्या पोराला देतात तसं. मग म्हणाल्या, "मी ह्या दाराआड तीस वर्षं बसले. आत येणाऱ्या कितीजणींना चहा दिला. एकीचाही कागद आजवर ऐकला नव्हता." एवढं बोलून त्या भांडी घासायला गेल्या.

घरी वडील रागावले. माझ्यावर आधी, नंतर साहेबांवर, नंतर स्वतःवर. म्हणाले, "एक माफी मागितली असती तर काय जिभेला काटे टोचले असते? वर्ष गेलं ना!"

"वर्ष गेलं नाही, बाबा. दाखला गेला. दुसरा मिळवू."

आर्वीतल्या आणखी दोन वकिलांकडे गेले. दोघांनाही गोष्ट आधीच कळली होती. एकानं उमेदवार पुरेसे आहेत म्हणून सांगितलं. दुसरे चांगले होते. म्हणाले, "ये ना, जरूर ये. घरात आई आहे माझी, तिला सोबत होईल." मी नमस्कार करून निघाले.

मग आर्वीहून छोट्या आगगाडीनं पुलगाव आणि तिथून वर्धा. वर्ध्याला एका म्हाताऱ्या वकिलाकडे गेले. कडक, तिरसट, तंबाखू खाणारा माणूस. त्यांना सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "भांडखोर दिसतेस."

"हो."

"टाइप येतं?"

"येतं."

"मग आत—" त्यांनी सवयीनं माजघराकडे हात केला.

मी सतरंजीवर बसले. त्यांनी हात खाली घेतला आणि कारकुनाला म्हणाले, "मशीन इकडं आण." टाइपरायटर माझ्यापुढं आला. त्यांनी नंतर कधी तो विषय काढला नाही. पण कुणी बाई आली आणि तिच्याबरोबरच्या पुरुषानं तिला आत पाठवायचं म्हटलं की ते माझ्याकडे पाहतात, आणि मी बाईला म्हणते, "इथं या, माझ्यापाशी बसा."

वर्ष पुन्हा पहिल्यापासून सुरू आहे. पुढच्या पोळ्याच्या सुमाराला पुरं होईल. दाखला या वेळी खरा असेल, त्यात लिहिलेलं प्रत्येक वाक्य.

संक्रांतीनंतर मी हिंगणीला गेले होते. मुद्दाम. ती बाई अंगणात तूर झोडत होती. मला ओळखून तिनं टोपली पालथी घालून बसायला दिली. भाऊबीजेला भाऊ न्यायला आला नव्हता. कुणी निरोपही धाडला नव्हता. सासरचे म्हणत होते, वाडीपायी माहेर तोडलं. मी विचारलं, पस्तावलात का? ती तूर झोडत राहिली. झोडता झोडताच म्हणाली, "पस्तावा असा होते, का त्यानं मले इचारलं असतं तर मी देल्लंच असतं. मी कुठं हीर उचलून हिंगणीले आनणार हो. पन इचारलं नाई." मग तिनं अंगठा वर करून पाहिला, त्याच्यावरची तुरीची धूळ पुसली. "हा अजून माह्यापाशीच हाय. दोनदा मानूस पाठवला त्यानं. मी म्हनलं, तुह्या कागदात काय हाय थे वाचून दाखवनारी बाई घेऊन येजो, मंग पाहू."

ती बाई मी आहे. अशा आणखी पाहिजेत. त्या पुढं येतील तेव्हा येतील, पण राखी दरवर्षी येते आणि तोवर थांबणार नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या भावा, तुला सांगते. तुझी बहीण घरी येईल. तिला वकिलाकडे नेशील, तेव्हा तिला आत जाऊ देऊ नकोस. तुझ्या शेजारी सतरंजीवर बसव. वकिलाला सांग, कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं, तिच्या बोलीत वाच. तिनं "समजलं" म्हटल्याशिवाय शाईचं पॅड उघडू देऊ नकोस. वकील नाही म्हणाला तर उठ आणि तिला घेऊन वर्ध्याला माझ्याकडे ये. मला अजून सनद नाही, पण कागद वाचून दाखवायला सनद लागत नाही.